हाताशी थोडंच आहे, तर देवावर भरवसा म्हणजे नेमकं काय करायचं?

शेवगावची

सर्वांना सलाम. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहायला बसले आहे. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी शिलाईकाम करते. ब्लाऊज, ड्रेस, जूनमध्ये शाळेचे गणवेश. ह्यांचं कंत्राटी काम दिवाळीनंतर बंद झालं, तेव्हापासून घर माझ्या मशीनवरच चालतंय. फॉल-पिकोचं मशीन माझ्याकडे नाही. ते काम मी बाहेर देते आणि निम्मे पैसे तिकडेच जातात. म्हणून बचत गटात थोडे, पोस्टात थोडे असे करत २२,००० रुपये जमवले आहेत.

मध्यंतरी आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) उज्जीवन सभा, म्हणजे विश्वास जागवणाऱ्या सभा झाल्या. बाहेरून आलेल्या वक्त्यांनी बायबलातल्या सारफथच्या विधवेवर संदेश दिला. मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडंसं तेल, आणि दुष्काळात तिच्या दारी आलेला संदेष्टा एलीया म्हणतो, आधी माझ्यासाठी एक लहानशी भाकर करून आण. संदेश संपल्यावर लिफाफे वाटले. चर्चच्या नव्या मंदिराच्या बांधकामासाठी ‘विश्वासाचं वचन’ लिहायचं, तेही उरलंसुरलं नाही तर जे जपून ठेवलंय ते. "तुझी पहिली भाकर कुणासाठी आहे?" असं ते पुन्हा पुन्हा विचारत होते. माझ्या शेजारच्या बाईंनी कानातलं काढून लिफाफ्यात घातलं. मी लिफाफा कोराच घरी आणला.

सासूबाई म्हणतात, देऊन टाक, देव मशीनही देईल. हे काहीच बोलत नाहीत. आणि मी रात्री गणवेशांना काजं करताना हाच विचार करत बसते की पैसे धरून ठेवणं म्हणजे अविश्वास का? वचनं सांगा, अनुभव सांगा. रागावलात तरी चालेल, पण "प्रार्थना करा" एवढंच लिहू नका, ती चालूच आहे.

जालन्याचा_पॉल

द्या ताई. डोळे झाकून द्या. मी रिक्षा चालवतो. एकदा गॅसच्या टाकीचे पैसे दानाच्या थैलीत टाकले, बायको घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्याच दिवशी मेहुण्याने जुने उसने पैसे आणून दिले, मी ते विसरूनही गेलो होतो. मलाखी ३ मध्ये दशमांशाबद्दल, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्याबद्दल, देव स्वतः म्हणतो की माझी परीक्षा घेऊन पाहा. अख्ख्या बायबलात अशी परवानगी दुसरीकडे कुठे आहे?

शंकेखोर_थोमा

आणि ज्यांना असा मेहुणा नाही, त्यांनी काय करायचं?

पॉलभाऊ, तुमच्या साक्षीवर माझा संशय नाही. पण साक्ष द्यायला पुढे कोण येतं? ज्याला मिळालं तो. ज्याने टाकीचे पैसे दिले आणि महिनाभर चुलीवर स्वयंपाक केला, तो मागच्या बाकावर बसतो आणि काही दिवसांनी यायचा बंद होतो. त्याला माईक कोणी देत नाही. मी अशा घरात वाढलो, म्हणून बोलतो.

घोडेगावकर (निवृत्त पाळक)

मुली, तू वचनं विचारलीस म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

१ राजे १७ हा अध्याय पहिल्या वचनापासून वाच, सभेतल्यासारखा मधूनच उचलू नकोस. दुष्काळाची घोषणा एलीयाने स्वतःच केलेली आहे, आणि त्याची झळ त्यालाही लागली आहे. करीथ ओहोळाजवळ कावळे त्याला खायला आणून देत होते, तो ओहोळही आटला. मग देव त्याला कुठे पाठवतो? सीदोनात. म्हणजे त्याच्या वैरी राणी ईजबेलीच्या माहेरच्या मुलखात, परक्यांत. ही बाई इस्राएली नाही, कुठल्या मंडळीची सभासद नाही, कुणी तिला लिफाफा दिलेला नाही. वेशीपाशी ती काटक्या वेचते आहे. तिचा बेत ठरलेला आहे: आहे तेवढ्या पिठाची भाकर करायची, पोराबरोबर खायची आणि मग मरायचं.

इथे जरा थांब. तिच्यापाशी उद्या उरलेलाच नव्हता. संदेष्टा तिच्याकडून उद्या काढून घेत नाही, तो तिला उद्या देतो: "भिऊ नको, पाऊस पडेपर्यंत पीठ सरणार नाही." तुझे २२,००० म्हणजे तुझ्या घराचा उद्या आहे. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत.

दुसरं, जे सभांमध्ये कधीच सांगितलं जात नाही. भाकर घेऊन एलीया पुढच्या गावाला गेला नाही. तो तिच्याच माडीवर राहिला आणि त्याच मडक्यातलं पीठ खाऊन जगला. पीठ संपलं असतं तर आधी त्याचं पोट रिकामं राहिलं असतं. पुढे तिचा मुलगा वारला, तेव्हा ती त्यालाच बोल लावते, आणि तो पोराला उचलून वर नेतो, देवाशी भांडतो. घेणारा आणि देणारी एकाच छपराखाली, एकाच मडक्यावर. तुमच्या सभेतले वक्ते रविवारी रात्रीच्या गाडीने गेले असतील. त्यांना दोष देत नाही, त्यांना पुढची सभा असते. पण मग एलीयाचा शब्द वापरताना माणसाने थोडं भ्यावं.

तिसरं एवढंच की मडकं भरून वाहिलं असं तिथे कुठेच लिहिलेलं नाही. सरलं नाही, एवढंच आहे. रोज सकाळी तिने हात घातला असेल तेव्हा तळाशी मूठभरच पीठ लागलं असेल.

जालन्याचा_पॉल

पाळकसाहेब, सगळं मान्य. पण आधी भाकर तिने केलीच ना? विचारपूस करून, हिशोब लावून मग केली असं नाही.

घोडेगावकर

केली. तिचा विश्वास मी कमी लेखत नाही. दुसऱ्याच्या मडक्यात हात घालणाऱ्याबद्दल बोलतो आहे.

खजिनदार_काका

मी आमच्या मंडळीचा खजिनदार आहे, त्यामुळे मला रूक्ष म्हटलं तरी चालेल.

भरवशाने काम चालवणं म्हटलं की जॉर्ज म्यूलरचं नाव निघतं. इंग्लंडातल्या ब्रिस्टलमध्ये १८३६ साली विल्सन स्ट्रीटवर भाड्याच्या घरात त्यांनी अनाथाश्रम सुरू केला. पुढे अ‍ॅशली डाउनवर १८४९ ते १८७० च्या दरम्यान पाच मोठ्या इमारती उभ्या राहिल्या, दोन हजारांहून जास्त मुलांची सोय झाली. कुणाकडे पैसे मागायचे नाहीत हा नियम. सभांमध्ये ही गोष्ट इथपर्यंत सांगतात आणि थांबतात.

पुढचं ऐका. म्यूलर कर्ज काढत नसत. हातात पैसे आल्याशिवाय बांधकाम नाही. आलेल्या पै-पैची नोंद आणि दरवर्षी छापील अहवाल. देणाऱ्याला पावती. आणि त्याही आधी, १८३० साली, ते पाळक होते त्या मंडळीत त्यांनी ठरलेला पगार आणि बाकांचं भाडं दोन्ही बंद केलं. त्या काळी तिकडे पैसे भरून चांगले बाक धरता येत, गरिबाला मागे बसावं लागे. याकोबाच्या पत्रातला दुसरा अध्याय वाचून त्यांनी ते सोडलं. म्हणजे भरवसा पहिल्यांदा कुणी ठेवला? ज्याच्या हातात थैली होती त्याने. म्यूलरनी एखाद्या शिंपिणीला बोलावून "तुझ्या मशीनचे पैसे विश्वासाने दे" असं म्हटल्याचं काही मी वाचलेलं नाही.

तेव्हा ताई, आधी तुमच्या मंडळीकडे विचारा: बांधकामाचा अंदाजखर्च किती, हातात किती, खातं कुणाच्या नावावर, गेल्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट कुठे आहे. ट्रस्ट नोंदलेला असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे हिशोब द्यावाच लागतो. हे विचारणं अविश्वास नाही. योहान ६ मध्ये पाच हजार जेवल्यावर प्रभू काय म्हणाला? उरलेले तुकडे गोळा करा, काही वाया जाऊ नये. बारा टोपल्या भरल्या हे आपल्याला कळतं कारण कुणीतरी मोजल्या.

शंकेखोर_थोमा

काका, टोपल्या मोजणारे खजिनदार प्रत्येक मंडळीला मिळोत. आमेन.

आता दोन दमड्यांच्या विधवेबद्दल बोलू या, कारण लिफाफ्यांच्या सभेत सारफथ झालं की दुसऱ्या दिवशी तीच येते. मार्क १२. प्रभू दानपेटीसमोर बसून पाहतो, श्रीमंत पुष्कळ टाकतात, ही बाई दोन टोल्या (अगदी लहान नाणी) टाकते, आणि तो शिष्यांना सांगतो की हिने सर्वांपेक्षा जास्त टाकलं, आपली सगळी उपजीविका टाकली. बरोबर?

त्याच्या आधीच्या दोन-तीन ओळी कोणी वाचत का नाही? लांब झगे घालून मिरवणारे, लांबलचक प्रार्थना करणारे आणि विधवांची घरं गिळणारे शास्त्री. लगेच पुढे एक विधवा येते आणि तिची उपजीविका पेटीत जाते. त्याच्या पुढच्या ओळीत एक शिष्य म्हणतो, गुरुजी, काय हे दगड, काय या इमारती! आणि प्रभू म्हणतो, इथे दगडावर दगड राहणार नाही. हा क्रम मार्कने उगाच लावला का? प्रभू तिचं कौतुक करतोय की तिला लुटलं जाताना पाहून कळवळतोय? "तूही असंच कर" असं तो शिष्यांना म्हणत नाही. बांधकामाच्या निधीसाठी हाच उतारा वापरायचा म्हणजे कमाल आहे.

घोडेगावकर

थोमा, तुझं अर्धं मी मान्य करतो. क्रम तसा आहे आणि मंदिराच्या कारभारावर ठपका आहे, हे पुष्कळ अभ्यासकही म्हणतात. पण "हिने सर्वांपेक्षा जास्त टाकले" यात कौतुक नाही असं मला वाचता येत नाही. प्रभूने तिला पाहिलं. त्या गर्दीत तिच्या टोल्यांचा आवाजही कुणाला आला नसेल. व्यवस्था खोटी असली तरी तिचं देणं खोटं होत नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात.

शेवगावच्या मुलीसाठी मात्र आणखी एक. नियमशास्त्र काढून बघ. लेवीय ५ मध्ये पापार्पणाला कोकरू सांगितलंय. ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिलं. तेही जमत नसेल तर एफाचा (धान्याच्या जुन्या मापाचा) दहावा हिस्सा सपीठ. देवाने स्वतःच पायऱ्या करून ठेवल्या आहेत. मरीया आणि योसेफ बाळाला घेऊन मंदिरात आले तेव्हा लूक कशाचा उल्लेख करतो? पक्ष्यांच्या जोडीचा. म्हणजे गरिबाची पायरी. आणि ज्या दशमांशाबद्दल मलाखी बोलतो, त्यातला दर तिसऱ्या वर्षाचा भाग बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायाप्रमाणे लेवी (मंदिरसेवा करणारा वंश), परका, अनाथ आणि विधवा यांनी आपल्या गावात पोटभर खावं म्हणून ठेवायचा होता. त्या दशमांशात विधवा घेणारी आहे, आणि आपण तिला देणाऱ्यांच्या रांगेत पहिली उभी करतो.

राहुरीची_आक्का

मी शास्त्र शिकलेली नाही, पाहिलेलं सांगते.

आमच्या गावाकडे हंगामाच्या सणाला लोक घरचं आणतात. बाजरीची पायली, मेथीच्या जुड्या, भोपळा, कोंबडी, कोणी बाटलीभर घरचं तूप. उपासना झाली की चर्चच्या ओट्यावर लिलाव होतो. आमच्यात एक म्हातारी होती, एकटीच राहायची, दुसऱ्याच्या वावरात खुरपायला जायची. ती पदरात गुंडाळून अंडी आणायची. तीन, फार तर चार. लिलाव पुकारणारा तिची अंडी मुद्दाम शेवटी काढायचा. कुणी शंभराला घ्यायचं आणि लगेच म्हणायचं, परत लावा. दुसरा दीडशेला घ्यायचा, तोही परत. असं चार-पाच हातांतून फिरून ती अंडी हजाराच्या पुढे जायची, आणि शेवटी घेणारा ती म्हातारीच्याच पदरात परत टाकायचा, वर "आक्का, उद्या कालवण करा" म्हणायचा. ती मात्र लटक्या रागाने पुटपुटत असायची, अंडी फुटतील रे मेल्यांनो.

तिला कोणी कधी विचारलं नाही की घरी किती ठेवली. तिची कोंबडी मात्र कुणी मागितली नाही. शेवगावच्या ताई, तुमचं मशीन ही कोंबडी आहे.

जालन्याचा_पॉल

आक्का 😄 यावर काही बोलायला जागाच ठेवली नाही तुम्ही. तरी मी माझ्या मतावर आहे.

वसईकर

आम्ही कॅथलिक, आमच्याकडे दशमांशावर एवढा जोर नसतो, त्यामुळे ही चर्चा थोडी बाहेरून वाचतोय.

वसईत थोड्या पुंजीचं दुसरं एक उदाहरण आहे. आमची बॅसीन (वसईचं जुनं नाव) कॅथलिक बँक १९१८ साली मोन्सेनियर मोनीस यांनी सुरू केली. सावकाराच्या व्याजात बुडालेले शेतकरी, भाजीवाले, केळी-पानवेलीवाले लोक. पाद्री माणूस, त्याला "देवावर भरवसा ठेवा, दान करा" म्हणणं सोपं होतं. त्याने सहकारी पतसंस्था काढली. लोकांनी आपली थोडी थोडी रक्कम एकमेकांच्या भरवशावर ठेवली आणि गरज लागली की त्यातूनच कर्ज घेतलं. आज ती मोठी बँक आहे. देवावरचा आणि शेजाऱ्यावरचा भरवसा तिथे मला वेगळे काढता येत नाहीत. बचत गटात पैसे ठेवणाऱ्या बाईला अविश्वासू म्हणायचं असेल तर आमची अख्खी वसई अविश्वासू.

दिंडीतला_एक

मी ख्रिस्ती नाही, पंढरीचा. विषय ओळखीचा वाटला म्हणून वाचत बसलो. एक भाबडा प्रश्न: दशमांश तुमच्याकडे सक्तीचा असतो का? न दिल्यास काही करतात?

खजिनदार_काका

माउली, स्वागत. मंडळीगणिक वेगळं आहे. पुष्कळ जुन्या मिशन मंडळ्यांत सभासद-वर्गणी असते आणि बाकी अर्पण स्वेच्छेचं. काही नव्या मंडळ्या दशमांश अगदी काटेकोर धरतात. नव्या करारात पौल २ करिंथमध्ये आकडा सांगत नाही. ८:१२ चा आशय असा की मनाची तयारी असेल तर माणसाकडे जे आहे त्याप्रमाणे ते मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नाही. आणि पुढेच म्हणतो, दुसऱ्यांचा भार हलका व्हावा आणि तुमच्यावर पडावा असा माझा हेतू नाही.

केडगावची_लेक

पंडिता रमाबाईंचं नाव अजून कसं आलं नाही? आमच्या भागात तर भरवसा म्हटलं की त्याच.

रमाबाईंनी म्यूलरचं चरित्र वाचलं होतं, चायना इनलँड मिशनचा इतिहास वाचला होता, आणि असंच काम भारतात देवाच्या भरवशावर होईल का हा विचार त्यातून आला, हे त्यांनीच १९०७ साली छापलेल्या साक्षीत लिहिलंय. विधवा आणि मुलींसाठी त्यांचं शारदा सदन १८८९ मध्ये सुरू झालं तेव्हा अमेरिकेतल्या असोसिएशनने दहा वर्षांच्या मदतीची हमी घेतली होती. ती मुदत संपत आली असतानाच, १८९६-९७ च्या दुष्काळात, बाई मध्य प्रांतातून शेकडो मुली घेऊन आल्या. शहाणा माणूस म्हणाला असता, पैसे बंद व्हायची वेळ आणि ताटं वाढवता? १९०० पर्यंत केडगावच्या त्यांच्या आश्रमात दीड हजारांवर माणसं होती.

बाईंना दुष्काळ पुस्तकातून माहीत नव्हता. आई, वडील आणि बहीण अशाच काळात डोळ्यांदेखत गेली होती, भावाबरोबर त्या उपाशी वणवण हिंडल्या होत्या. म्हणून त्यांचा भरवसा कधी हवेत तरंगला नाही. केडगावला जमीन घेतली ती फळबागेचं उत्पन्न यावं म्हणून. विहिरी खणल्या, गुरं पाळली, मुलींना विणकाम, शिवण, छापखान्याचं काम शिकवलं. संपूर्ण बायबलाचं मराठी भाषांतर केलं आणि ते तिथेच, बायकांनीच खिळे जुळवून छापलं. प्रार्थना पहाटे आणि दिवसभर काम. शिवण शिकलेली मुलगी उद्या कुणाच्या दारात हात पसरणार नाही, हा हिशोब बाईंच्या विश्वासात बसत होता. मशीनला तुम्ही अविश्वास म्हणाल तर केडगावचा अर्धा आश्रम अविश्वासाने भरलेला होता म्हणा!

शंकेखोर_थोमा

हे मात्र पटलं. शिवाय रमाबाईंनी धोका स्वतःच्या अंगावर घेतला. दुसऱ्याच्या बचतीवर विश्वास दाखवला नाही.

नाशकातली_वाचक

पूर्णपणे स्वतःच्या अंगावर असं कधी असतं का? मला इथे लक्ष्मीबाई टिळक आठवतात.

त्यांचे पती, कवी रेव्हरंड टिळक म्हणजे हातात आलेलं हातावेगळं करणारा माणूस. कुणी गरजू भेटला की संपलं. १९१७ साली तर मिशनचा पगारच सोडला आणि ‘देवाचा दरबार’ नावाचा भक्तांचा बंधुसंघ उभा करायला निघाले. दोन वर्षांनी गेले. त्यांच्या भक्तीबद्दल मला शंका नाही, आपण अजून त्यांची पदं गातो. पण ‘स्मृतिचित्रे’ वाचताना सारखं लक्षात येतं की टिळकांच्या भरवशाचा घरखर्च लक्ष्मीबाईंनी चालवला. आज चूल कशी पेटवायची हा प्रश्न दर वेळी त्यांच्याकडे. त्या हसत सांगतात म्हणून आपण हसतो. आणि त्यांनीही कमी केलं नाही, परक्या मुलांना घरात घेतलं, सांभाळलं. फक्त त्यांना ते आहे त्या डाळ-तांदळात बसवावं लागलं.

म्हणून मला विचाराल तर "किती देऊ" याच्याआधीचा प्रश्न आहे तो म्हणजे माझ्या देण्याचं ओझं घरात कुणाच्या डोक्यावर येणार. पॉलभाऊ, टाकीचे पैसे तुम्ही दिलेत. मेहुणा आला नसता तर चूल फुंकली कोणी असती?

जालन्याचा_पॉल

बायकोला हा धागा दाखवला. ती म्हणाली, नाशकातल्या ताईंना माझा सलाम सांगा.

पण माझं एक ऐका सगळे. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्ही क्रम लावून, संदर्भ लावून दाखवता. आमच्यासारख्याला दिवसभरात चारशे मिळतात, कधी दोनशे. रोज मोजत बसलो तर देणं कधीच होणार नाही, कारण पुरेसं कधीच नसतं. देताना मला थोडा वेळ वाटतं की मी नुसता घेणारा नाही, माझ्याकडेही द्यायला काही आहे. गरिबाला "तू देऊ नको, तुझं राहू दे" म्हणणं यातही एक अपमान असतो. तो तुम्हाला कळणार नाही.

घोडेगावकर

पॉल, मला तुझं हे म्हणणं या धाग्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. मासेदोनियाच्या मंडळ्यांबद्दल पौल हेच लिहितो: कमालीच्या दारिद्र्यात असताना त्यांनी आम्हाला विनवून देण्याची परवानगी मागितली. परवानगी मागितली, हे लक्षात घे. त्यांना कुणी अडवायला नको होतं आणि कुणी पिळायलाही नको.

ऐजॉलहून_परतलेली

ह्यांच्या फौजेतल्या नोकरीमुळे काही वर्षं मिझोरामात होते. तिथल्या चर्चमध्ये ‘बुह्फाई थाम’ म्हणून प्रथा आहे, म्हणजे मूठभर तांदूळ. १९१० पासून चालू आहे. दर वेळी भात शिजवायला तांदूळ घेतले की घरची बाई त्यातली एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकते. ठरावीक दिवशी चर्चच्या बायका घरोघर फिरून ते गोळा करतात, मग विकतात आणि पैसे चर्चच्या कामाला. त्यातून कितीतरी सुवार्तिकांचा खर्च चालतो.

आमच्या शेजारची मिझो बाई भांडं दाखवताना म्हणाली होती की जोवर आम्ही जेवतो तोवर देवाला देण्यासारखंही काही आहेच. लिफाफा नाही, भाषण नाही, रडारड नाही. आज चूल पेटली तर मूठ निघते. पॉलभाऊंचा मुद्दा त्यात राहतो आणि कोंबडीही वाचते.

राहुरीची_आक्का

आमच्या महिला मंडळाचाही मूठभर धान्याचा डबा होता की! पत्र्याचा, वर चीर पाडलेला. रेशनचे गहू, तांदूळ, डाळ सगळं एकत्रच पडायचं, मग बायका बसून निवडायच्या आणि निवडता निवडता गावभरच्या गप्पा. बंद का पडला कोण जाणे.

खजिनदार_काका

आक्का, निवडायला कोणी बसेना म्हणून. आमच्याकडचा तरी त्यानेच बंद पडला.

शेवगावची

सगळ्यांचे आभार. दोन दिवस मशीन सोडून तुमचंच वाचतेय, एक गणवेश उलटा शिवला त्या नादात.

सासूबाईंना घोडेगावकर साहेबांचं वाचून दाखवलं. एलीया तिच्याच घरी राहिला, हे ऐकून त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, आमच्या लहानपणीचे पाळक दुष्काळात आमच्याबरोबर सुकडी खात होते. सुकडीची त्यांची गोष्ट तासभर चालली, ती वेगळी लिहीन. पण "देव मशीन देईल" हे त्यांनी सोडलेलं नाही, फक्त आता म्हणतात की पैसे साठले तेच देवाने दिलेलं मशीन समज. हे जमतं त्यांना.

आमच्या पाळकांना भेटले. काकांनी सांगितलेले प्रश्न विचारताना घाम फुटला होता. पाळक चिडले नाहीत. अंदाजखर्चाचा कागद दाखवला, ऑडिटचं मात्र "बघून सांगतो" म्हणाले. कानातल्याचं काय झालं तेही विचारलं. ते म्हणाले, ती बाई परत मागायला आली तर देऊ. मी म्हटलं, ती कशी मागेल, तुम्हीच न्या. त्यावर ते काही बोलले नाहीत. हे मला अजून खटकतंय, तिच्या घरी मीच जाऊन येणार आहे.

मशीन घेणार. जुनं मिळालं तर बरं, म्हणजे सगळी रक्कम जायची नाही. फॉल-पिकोचं जे काम रोज येईल त्यातल्या पहिल्या साडीचे पैसे वेगळ्या डब्यात टाकायचे असं आम्ही दोघांनी ठरवलंय. ते बांधकामाला जातील की आणखी कशाला, ते डबा उघडताना बघू. हे पहिल्यांदाच बोलले या विषयावर, म्हणाले, ज्या दिवशी साडी येणार नाही त्या दिवशी काय? मी म्हटलं, त्या दिवशी नाही.

नगर किंवा श्रीरामपूर भागात कुणाला चांगल्या स्थितीतलं पिकोचं मशीन विकायचं असेल तर व्यक्तिगत निरोप करा. मोटर चालू असावी, स्टँड नसला तरी चालेल.

जालन्याचा_पॉल

ताई, माझ्या रिक्षात रोज एक शिवणवाली बसते, तिने नवीन घेतलंय. जुनं काढायचंय का विचारतो. जालन्याहून शेवगावला आणायचं भाडं मी घेणार नाही, आणि याच्यावर कुणी वचन दाखवू नका.